पाणी ओसरल्यानंतरचं घर

जुलै उजाडला की सुरतेत उकाई धरणाच्या पातळीची चर्चा सुरू होते. ३४५ फूट म्हणजे धरण भरलं, हा आकडा जुन्या सुरतकरांना तोंडपाठ आहे. खानदेशातून येऊन इथं स्थिरावलेल्यांना तर त्याच्या आधीची खबर लागते. भुसावळजवळच्या हतनूरचे किती दरवाजे उघडले हे गावाकडचा भाऊ फोनवर सांगतो, कारण तेच पाणी तापीतून पुढे उकाईत येतं. बऱ्याच घरांत ही साधी पावसाळी बातमी असते. काही घरांत मात्र ती ऐकली की एक माणूस जेवणावरून उठतो, माळ्यावर काय काय चढवायचं ते मोजू लागतो आणि त्या रात्री झोपत नाही. घरातले एकमेकांकडे बघतात आणि टीव्ही बंद करतात.

त्या घरातल्यांनी काय करावं, टीव्ही बंद करावा की चालू ठेवावा, हा या लेखाचा प्रश्न आहे. प्रश्न दिसतो तेवढा किरकोळ नाही.

७ ऑगस्ट २००६ पासून उकाईतून पाणी सोडणं वाढत गेलं आणि विसर्ग नऊ लाख क्युसेकच्या आसपास पोचला. शहराचा बहुतांश भाग पाण्याखाली गेला. वीज नाही, प्यायला पाणी नाही, फोन बंद, अशा स्थितीत लोक गच्च्यांवर अडकून पडले. त्याच वर्षी महापालिकेची हद्द वाढली आणि तापीच्या उत्तरेला अमरोलीलगतचं कोसाड शहरात आलं. पुढे जवाहरलाल नेहरू नागरी पुनरुत्थान योजनेतून तिथं ‘कोसाड आवास’ उभं राहिलं आणि झोपडपट्ट्यांतली हजारो कुटुंबं तिथं आली, त्यात नदीकाठची अनेक. आज या इमारतींत मराठी, गुजराती, हिंदी, उडिया सगळं कानावर पडतं. म्हणजे काही घरांनी आधी रेल पाहिली (सुरतेत पुराला रेल म्हणतात), मग जुनी वस्ती मोडलेली पाहिली, मग शहराच्या टोकाला नवा संसार मांडला. पक्कं छप्पर मिळालं हे खरंच. पण अडीनडीला हाक मारायची ती जुनी शेजारीण आता तिसऱ्या गल्लीत कुणाकडे गेली, ते कळेना.

हे शेजारणीचं मी उगाच काढलं नाही. भयंकर प्रसंगातून गेलेल्या दोन माणसांपैकी एक सावरतो आणि दुसरा आघातोत्तर तणाव विकाराच्या, म्हणजे पीटीएसडीच्या, तावडीत सापडतो. असं का होतं यावर क्रिस ब्रूइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली ७७ अभ्यासांचा एकत्र ताळा मांडला. शिक्षण, आधीचे आजार, बालपण या गोष्टींचा परिणाम दिसला, पण बेताचा. त्याहून वजनदार ठरल्या त्या प्रसंगाच्या वेळच्या आणि नंतरच्या गोष्टी: आघात किती मोठा होता, नंतर आयुष्यात आणखी किती ताण आला, आणि आधार मिळाला की नाही. घरच्यांचं वागणं औषधासारखं काम करतं असं म्हणणं धाडसाचं होईल. पण ते आजाराच्या वाटचालीत मोजण्याइतकं महत्त्वाचं आहे, याला आता भरपूर पुरावा आहे.

आधी आजाराबद्दल थोडं, कारण इथंच पहिली गफलत होते. अमेरिकेतल्या मानसोपचार संघटनेने १९८० साली या विकाराला वेगळं नाव आणि जागा दिली. त्यामागे व्हिएतनामहून परतलेल्या सैनिकांचा रेटा होता, म्हणून हा ‘फौजी आजार’ असा समज अजून टिकून आहे. प्रत्यक्षात पूर, भूकंप, आग, रस्त्यावरचा अपघात, दंगल, बलात्कार, घरातली वर्षानुवर्षांची मारहाण, लूमच्या कारखान्यात यंत्रात हात जाणं, यांतलं काहीही पुरेसं असतं. सुरतेच्या वाट्याला यातलं बरंच आलं. डिसेंबर १९९२ ची दंगल, १९९४ ची प्लेगची पळापळ, २००६ ची रेल आणि २४ मे २०१९ ला सरथाण्यातल्या तक्षशिला आर्केडची आग. तिच्यात क्लासला आलेली २२ मुलं गेली आणि जीव वाचवायला वरून उड्या मारणाऱ्या पोरांचे व्हिडिओ त्या संध्याकाळीच घराघरांतल्या मोबाइलवर पोचले.

मात्र प्रसंगानंतर पहिले काही आठवडे झोप न लागणं, दचकणं, तेच तेच डोळ्यांपुढे येणं, हा आजार नव्हे. बलात्कार सोसलेल्या स्त्रियांचा अमेरिकेत बार्बरा रॉथबॉम, एडना फोआ आणि सहकाऱ्यांनी मागोवा घेतला. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात पहिल्या दोनेक आठवड्यांत ९४ टक्के स्त्रियांमध्ये या विकाराची लक्षणं होती, तीन महिन्यांनी ४७ टक्क्यांमध्ये. मन स्वतःहून भरून येतं, पण सगळ्यांचं नाही. महिना उलटला तरी लक्षणं तशीच असतील, कामधंदा आणि नाती बिघडत असतील, तर डॉक्टर निदानाचा विचार करतात. काहींच्या बाबतीत पुरतं चित्र दिसायला सहा महिन्यांहून जास्त काळ लागतो. मग घरचे म्हणतात, ‘तेव्हा तर ठणठणीत होता, आता कसलं नाटक?’

घरच्यांना नेमकं दिसतं तरी काय? ओल्या गाळाचा वास आला की ती एकदम गप्प होते. तो पाठ भिंतीला लावून, दाराकडे तोंड करूनच बसतो. कडी तीनदा तपासतो. फटाका फुटला तर ताट भिरकावतो आणि नंतर शरमेनं बाहेर निघून जातो. यातलं भय लोकांना समजतं, त्याची कीवही येते. न समजणारा भाग म्हणजे आलेला बधिरपणा. पोरगी पहिल्या नंबरानं पास झाली तरी बापाच्या चेहऱ्यावर काही हलत नाही. सण नको, पाहुणे नकोत, जवळीक नको. बायको समजते, आपल्यावरचं मनच उडालं. सासू समजते, सून घमेंडी झाली. माझ्या मते संसार मोडायला रात्रीच्या किंचाळण्यापेक्षा हा बधिरपणाच जास्त कारणीभूत होतो, आणि त्याविषयी घरच्यांना सर्वांत कमी सांगितलं जातं. तो आजाराचाच भाग आहे, एवढं एक वाक्य डॉक्टरांनी बायकोला बाजूला घेऊन सांगितलं तर पुष्कळ वाचेल.

आता टीव्हीकडे येऊ. माणूस त्रासात दिसला की आपण त्रासाचं कारण दूर करतो. बातम्या बंद. पाण्याचा विषय बंद. तो गर्दीत जाऊ शकत नाही म्हणून भाजी, बँक, रेशन, मुलांची शाळा सगळं बायको बघते. त्याला पुलावरून जायची भीती, म्हणून लग्नालाही लांबच्या वाटेनं जायचं. तो चिडू नये म्हणून मुलांनी घरात आवाज करायचा नाही. प्रत्येक गोष्ट प्रेमापोटी केलेली असते आणि त्या दिवसापुरती उपयोगी पडते. वर्षभरात मात्र घराचं सगळं वेळापत्रक भीतीच्या हुकमाने चालू लागतं. टाळल्याने भीती शमते, शमल्याचं समाधान मिळतं, म्हणून पुढच्या वेळी आणखी टाळलं जातं. ही वाट धोक्याची नाही, हे मनाला अनुभवायलाच मिळत नाही. माजी सैनिक आणि त्यांच्या जोडीदारांवरच्या अभ्यासांत हेच दिसलं आहे की, जिथं जोडीदार असं सांभाळून घेण्यात जास्त गुंतलेला, तिथं लक्षणंही जास्त. यात कुणामुळे काय, हे सुटं करणं सोपं नाही. आजार जास्त म्हणून सांभाळणं जास्त, असंही असेल. पण उपचारांचा अनुभव याच दिशेचा आहे. कँडिस मॉन्सन यांनी जोडप्याला एकत्र बसवून करायचा उपचार तयार केला आणि ४० जोडप्यांवरच्या त्यांच्या चाचणीचा निष्कर्ष २०१२ साली ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. त्यात विकाराची लक्षणं कमी झाली आणि रुग्णाला नात्यात समाधानही वाढलेलं दिसलं. टाळलेल्या गोष्टींकडे दोघांनी मिळून हळूहळू जाणं, हा त्या उपचाराचा एक कणा आहे.

म्हणून टीव्ही दिवसभर किंचाळत ठेवावा असं नाही. तक्षशिलाचे व्हिडिओ पुन्हा पुन्हा दाखवून कुणाची भीती गेलेली नाही, जाणारही नाही. अचानक, जबरदस्तीनं, ‘बघ, काही होत नाही’ म्हणत तापीच्या पुलावर नेऊन उभं करणं हा तर छळच. फरक ठरवण्यात आहे. त्या माणसानं स्वतः ठरवलं की आज धरणाची बातमी एकदा, पाच मिनिटं, बायकोशेजारी बसून बघायची, तर ते उपयोगी. घरच्यांनी त्याला न विचारता टीव्ही बंद करणं किंवा चालू करणं, दोन्ही सारखंच निरुपयोगी. ‘तुला काय सोपं जाईल?’ हे विचारायला आपल्या घरांत का जड जातं कोण जाणे. आपण परस्पर ठरवतो आणि त्याला माया म्हणतो.

बोलण्याचंही तसंच आहे. ‘झालं गेलं विसर’ आणि ‘सगळं सांगून टाक, मन मोकळं कर’ हे दोन सल्ले परस्परविरोधी असले तरी दोन्ही आपल्या सोयीचे असतात. विसरणं त्याच्या हातात नाही. आणि प्रसंगानंतर लगेच सगळं तपशिलात वदवून घेण्याचा एकेकाळचा प्रघात तपासण्यांत टिकला नाही. जागतिक आरोग्य संघटना आता ‘मानसिक प्रथमोपचार’ सुचवते. सुरक्षित जागा, जेवण-पाणी, आप्तांची गाठ, माहिती, आणि तो बोलला तर ऐकणं, न बोलला तर खोदून न विचारणं. सारा उलमन यांच्या अभ्यासांतून आणखी एक कडू गोष्ट पुढे आली. लैंगिक अत्याचार सोसलेल्या स्त्रियांना चांगल्या शब्दांनी जेवढा फायदा होतो, त्याहून वाईट प्रतिक्रियांनी होणारं नुकसान ठळक असतं. ‘एवढ्या उशिरा बाहेर कशाला गेलीस?’ किंवा ‘कुणाला सांगू नकोस, बहिणीचं लग्न व्हायचंय,’ असं एक वाक्य दहा सांत्वनांवर पाणी फिरवतं. घरातल्या वडीलधाऱ्यांना दुसरं काही जमलं नाही, तरी एवढं गिळता आलं तरी खूप झालं.

रात्रीचं मात्र तंत्र आहे आणि ते शिकता येतं. झोपेत तो ओरडत असेल तर अंगाला हात लावून गदागदा हलवू नये. त्या क्षणी तो इथं नसतो, हात उगारला जाऊ शकतो. दिवा लावावा, जरा अंतर ठेवून नाव घेऊन हाक मारावी आणि साध्या आवाजात सांगावं: तू घरी आहेस, कोसाडला, आज अमुक वार, मी तुझ्याजवळ आहे. जागेपणी तंद्री लागली तरी हेच. पाय जमिनीला टेकव, हा पेला हातात धर, थंड लागतो ना? भान आल्यावर ‘काय दिसलं?’ ही चौकशी लगेच सुरू करू नये.

परदेशी पुस्तकं इथं थोडी कमी पडतात. ती दोन माणसांचं घर, बंद होणारं दार आणि वेगळी झोपायची खोली गृहीत धरतात. आवासातल्या घरात सासू-सासरे, दोन मुलं आणि गावाहून कामाला आलेला दीर एकाच छताखाली झोपतात. तो रात्री ओरडला तर सगळ्यांना जाग येते आणि शेजारच्यांनाही कळतं. बारा तासांची पाळी असलेल्या लूमवाल्याची झोप मोडली की दुसऱ्या दिवशी यंत्रावर धोका. मुलं तर असंच समजतात की पप्पा आपल्यामुळे ओरडतात. त्यांना खोटं सांगण्यापेक्षा त्यांच्या वयाला झेपेल असं खरं सांगावं: ‘पप्पांनी फार भीतीदायक काही पाहिलं, त्याची स्वप्नं पडतात, डॉक्टर मदत करताहेत, तुझी काही चूक नाही.’ मुलं एवढं सहज पेलतात. दिवसरात्र कुजबुज मात्र त्यांना पेलत नाही.

एका घराचं दुखणं वस्तीचंही असतं, हे आपल्याला ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपानं शिकवलं. पहाटे चारच्या सुमाराला, गणपती विसर्जनाच्या रात्रीनंतर गाढ झोपेत असलेली गावं कोसळली आणि सुमारे दहा हजार माणसं गेली. तेव्हा पुण्याच्या महाराष्ट्र मानसिक आरोग्य संस्थेनं, डॉ. मोहन आगाशे यांच्या पुढाकारानं आणि भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पाठबळानं, भूकंपग्रस्तांच्या मनाचा अभ्यास हाती घेतला. मनाचं नुकसानही मोजायचं असतं, हे आपल्याकडे त्या काळात नवं होतं. पुढे ५२ गावं नव्या जागी वसवली गेली. घरं मजबूत झाली, पण आखीव चौकोनी गावठाणात जुनी गल्ली, जुनी भावकी, जुना पार तसा परत आला नाही, ही तक्रार तिथं वर्षानुवर्षं ऐकू येत राहिली. कोसाडच्या बाबतीत मला हेच महत्त्वाचं वाटतं. आधार हा सर्वांत मोठा बचाव असेल, तर शेजार विस्कटून टाकणारं पुनर्वसन हा स्वतःच एक धोका ठरतो. नगररचनेच्या फायलीत याला रकाना नसतो.

उपचारांविषयी थोडक्यात, कारण इथं मतभेद कमी आहेत. आघातावर केंद्रित बोधात्मक वर्तनोपचार आणि डोळ्यांच्या हालचालींचा उपयोग करणारी ईएमडीआर पद्धत यांना सर्वांत चांगला पुरावा आहे. प्रशिक्षित माणसाकडे आठवड्यागणिक काही महिने जावं लागतं. सर्ट्रालिन, पॅरॉक्सेटिन ही औषधं उपयोगी पडतात, पण गुण दिसायला काही आठवडे लागतात आणि बरं वाटलं म्हणून मनानं बंद करायची नसतात. उपचाराच्या सुरुवातीला त्रास वाढल्यासारखा वाटतो. घरचे घाबरून नेमके तिथंच डॉक्टर सोडतात, म्हणून हे आधीच माहीत हवं. सर्वांत मोठा घोळ झोपेच्या गोळीचा. अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम यांसारख्या गोळ्या प्रसंगानंतरच्या पहिल्या महिन्यात आघाताच्या लक्षणांसाठी देऊ नयेत, असं जागतिक आरोग्य संघटनेनं २०१३ साली सांगितलं. सवय लागते आणि मूळ दुखणं तसंच राहतं. मेडिकलवाल्याकडून कुणाच्या तरी जुन्या चिठ्ठीवर आणलेली पट्टी हा उपचार नव्हे. दारूही नव्हे. गुजरातेत दारूबंदी आहे म्हणून ती मिळत नाही असं मानणारा भोळा माणूस मला तरी अजून भेटलेला नाही.

खानदेशात भगत आहे, गुजरातेत भुवा आहे. ‘बाहेरचं झालंय’ म्हणणाऱ्या सासूशी भांडून सुनेला दवाखान्यात नेता येत नाही, हा अनेकांचा अनुभव. मेहसाणा जिल्ह्यातल्या उनावाच्या मीरा दातार दर्ग्यात २००८ पासून ‘दवा आणि दुआ’ हा उपक्रम याच वास्तवातून उभा राहिला. दर्ग्याचे मुजावर येणाऱ्यांना आवारातल्याच डॉक्टरांकडे पाठवतात. धागा बांधायचा तर बांधा, गोळीही घ्या, ही तडजोड मला पटते. साखळी, चटके आणि मार यांच्याशी मात्र तडजोड नाही. तमिळनाडूत एरवाडीला ६ ऑगस्ट २००१ रोजी साखळदंडात बांधलेले २८ मनोरुग्ण आगीत जळून गेले. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं साखळीला साफ मनाई केली आहे. याच कायद्यानं रुग्णाला आपला नामनिर्देशित प्रतिनिधी निवडायचा आणि आपल्यावर कसे उपचार व्हावेत हे आगाऊ लिहून ठेवायचा हक्क दिला. बरा असताना त्यानं बायकोचं किंवा बहिणीचं नाव लिहून ठेवलं, तर पुढची बरीच ओढाताण वाचते.

दोन गोष्टींत मात्र समजूतदारपणा पुरत नाही. पहिली, मारहाण. आजारामुळे राग येतो हे खरं, पण मार खाणं हा कुणाच्याही सेवेचा भाग नाही. गुजरातेत १८१ हा ‘अभयम’चा क्रमांक बायकांसाठी आहे, तो लावताना नवरा आजारी आहे म्हणून अपराधी वाटून घेऊ नये. दुसरी, मरणाची भाषा. ‘जीव द्यावासा वाटतो का?’ असं सरळ विचारावं. विचारल्यानं ती कल्पना डोक्यात शिरत नाही, उलट माणूस एकटा राहत नाही. उत्तर ‘हो’ असेल तर गोळ्या, ॲसिड, दोर नजरेआड करून त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.

आणि सांभाळणारी? अमेरिकी अभ्यासक चार्ल्स फिग्ली यांनी दाखवलं की आघात सोसलेल्याची काळजी घेणाऱ्यालाही त्याचे ओरखडे उठतात. झोप जाते, चिडचिड होते, मन आटतं. आपल्याकडे हे काम बहुतेक वेळा बाईचं. ती सकाळी डबे करते, दुपारी साड्यांवर टिकल्या लावते, रात्री नवऱ्याशेजारी जागी राहते, आणि तिला कुणी विचारलंच तर ‘ह्यांचं कसं आहे?’ एवढंच. पुण्यात डॉ. जगन्नाथ वाणी यांच्या पुढाकारानं सुरू झालेल्या स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशननं कुटुंबीयांना एकत्र आणून बोलतं केलं. वाणींच्याच प्रयत्नांतून ‘देवराई’ हा २००४ चा चित्रपट आला. त्यात भावाला सांभाळणाऱ्या बहिणीची फरपट मराठी प्रेक्षकानं पहिल्यांदा इतक्या जवळून पाहिली. आघाताच्या रुग्णांच्या घरच्यांसाठी असे गट आपल्याकडे जवळजवळ नाहीतच. त्याला फार पैसाही लागत नाही. पुण्याच्या इंडियन लॉ सोसायटीच्या मानसिक आरोग्य कायदा व धोरण केंद्राचा ‘आत्मीयता’ प्रकल्प आधी नाशिक जिल्ह्यात आणि मग मेहसाण्यात चालला. त्यात गावातल्याच माणसांना शिकवून तयार केलं: ऐकून घ्यायचं, गरज पडली तर डॉक्टरकडे पाठवायचं. मेहसाण्याच्या खेड्यात जे जमतं ते कोसाड आवासाच्या एका इमारतीत का जमू नये? महापालिकेचं आरोग्य केंद्र, आशाताई, गणेश मंडळ, सगळी माणसं तिथं आहेतच.

तोवर जे आहे ते वापरावं. सुरतेत सिव्हिल हॉस्पिटल आणि महापालिकेचं स्मीमेर, दोन्ही ठिकाणी मनोविकार विभाग आहे. पहिल्या भेटीला घरच्यांपैकी कुणीतरी सोबत जावं आणि काय दिसतं, कधीपासून, झोप किती, हे कागदावर लिहून न्यावं. कोसाडहून जाऊन-येऊन एक पाळी बुडते, हे खरं आहे. ते शक्य नसेल तर केंद्र सरकारची टेली-मानस सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. क्रमांक १४४१६. चोवीस तास, विनामूल्य. मराठीतून बोलता येतं, आणि फोन आजारी माणसानंच केला पाहिजे असं नाही. सांभाळणारीनं स्वतःसाठी केला तरी चालतो.